'हा जुगार नाही, अभ्यास आहे' म्हणणाऱ्या नवऱ्याचं कर्ज फेडून टाकावं का?

मी समुपदेशक. घोड्यांच्या रेसच्या बाबतीत माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा प्रश्न जवळपास एकच असतो. ताई, आत्तापर्यंतचं सगळं कर्ज एकदाचं फेडून टाकलं तर हे यातून सुटतील का? पाटल्या मोडायची तयारी असते, माहेरून पैसे आणायची तयारी असते, फक्त मी हो म्हणायचं बाकी असतं. मी हो म्हणत नाही, आणि का ते एका केसवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं मराठी कुटुंब. वहिनी एका शाळेच्या ऑफिसात, त्यांचे मिस्टर, म्हणजे दादा, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. दारू नाही, सिगरेट नाही, गणपतीत आरतीला पहिला आवाज यांचाच. शनिवार-रविवार दुपारी मात्र गॅलरीत फोन घेऊन बसायचे आणि संध्याकाळी एकतर सगळ्यांना सेव उसळ नाहीतर घरात कोणाशी शब्द नाही. पावसाळ्यात पुण्याची रेस, थंडीत मुंबईत महालक्ष्मीची, म्हणजे वर्षातले मोजके आठवडे सोडले तर सुट्टीच नाही. बडोद्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे पैसे लावायचे ते फोनवर एका बुकीकडे, तेही उधारीत, हिशोब सोमवारी. वहिनींना कळलं तेव्हा बँकेचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, एक पतपेढी आणि कंपनीतले चार मित्र मिळून सहा लाखांच्या वर गेलं होतं.

पहिल्या भेटीत दादा आले ते तयारीनेच. वही घेऊन. आणि वही खरंच बघण्यासारखी होती हं, प्रत्येक घोड्याचं वजन, जॉकी, ट्रेनर, ड्रॉ म्हणजे सुटायची जागा, किती मीटरची रेस, सकाळच्या सरावाचे टायमिंग, सगळं सुवाच्य अक्षरात. म्हणाले, मॅडम, सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. वर बडोद्याचा अभिमानही काढला, की 1943 ची पहिली इंडियन डर्बी आपल्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलने मारली होती आणि 1947 ला विलायतेतली सेंट लेजर ही मोठी रेस जिंकलेल्या घोड्याचं नावच सयाजीराव होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोर्टाचंही खरं आहे. मी वाद घातलाच नाही, कारण या वादात घरचे लोक वर्षानुवर्षं अडकतात आणि माणूस जिंकतो, कारण त्याने वाचलेलं असतं आणि बायकोने नाही. (घोडा पाळणारे महाराज वेगळे आणि सोमवारी बुकीला तोंड चुकवणारे आपण वेगळे, एवढं मनात आलं, बोलले नाही.)

मी फक्त दोन प्रश्न विचारले. हे माझे नाहीत, 1997 पासून जगभर समुपदेशक वापरतात. लावायची रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलंय का? आणि किती लावले याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का? एकालाही हो आलं तर नीट तपासायचं. दादांनी पहिल्याला 'थोडंफार' म्हटलं, दुसऱ्याला बराच वेळ वहीची पानं चाळत बसले. मानसोपचाराच्या अमेरिकन मॅन्युअलने 2013 मध्ये जुगाराचा विकार उचलून दारू-ड्रग्जच्या व्यसनांशेजारी ठेवला तो उगीच नाही. नशा पोटात जात नाही म्हणून वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, घरच्यांना कळतं ते थेट वसुलीचा फोन आल्यावर.

मग टिप्स. दादांचा अभ्यास सकाळपर्यंत, दुपारी मात्र टेलिग्रामवरच्या एका ग्रुपचं ऐकायचे, महिन्याला फी भरून. 'डेज बेस्ट', 'शुअर शॉट', 'आतली खबर'. का हो, एवढा अभ्यास असताना? तर म्हणाले, त्याने लागोपाठ दोन रविवार जिंकणारा घोडा आधीच सांगितला होता, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. मी कागद घेतला. समजा रेसमध्ये आठ घोडे आहेत आणि माझ्याकडे 640 नंबर आहेत. प्रत्येक 80 जणांना वेगळा घोडा पाठवला, तर घोड्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी 80 जणांचा घोडा येणारच. बाकीचे 560 गेले उडत. पुढच्या रविवारी या 80 जणांचे आठ भाग करायचे, आता दहा जण असे उरतात ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी लागोपाठ दोनदा खरी टिप बघितलीय. फी हे दहा भरतात आणि स्क्रीनशॉटही हेच दाखवतात. त्यांचा टिपवाला असंच करायचा का ते मला माहीत असायचं कारण नाही, पण स्क्रीनशॉटची किंमत किती ते दादांना तिथल्या तिथे कळलं, सुपरवायझर माणूस, आकडे पटकन कळतात.

अभ्यासाबद्दलही एक सांगायला हवं. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात ते मुद्दाम, सगळे एका ओळीत यावेत म्हणून. म्हणजे तुम्ही अभ्यास करून जो फरक शोधताय तो पुसायला तिथे पगारी माणूस बसवलाय. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचा वाटा निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणजे सगळ्या लावणाऱ्यांचं मिळून नुकसान हे रेस सुटायच्या आधीच ठरलेलं. वर पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी, ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40. बुकी म्हणतो माझ्याकडे टॅक्स नाही, म्हणून लोक त्याच्याकडे जातात, पण तिथे पावती नाही, कायदा नाही आणि उधारीला अंतही नाही.

तरी हे सगळं ऐकून कोणी सुटत नाही, हे मी स्पष्ट सांगते. दादांच्या बाबतीत कामाला आली ती त्यांचीच वही. मी म्हटलं, अभ्यास आहे ना, मग नीट करू. रेसच्या आधी लिहायचं, कोणता घोडा, किती रुपये, स्वतःचा का टिपवाल्याचा, आणि दिवसातली कितवी रेस. नंतर निकाल, हरला तरी लिहायचा. पैसे लावा असं म्हणत नव्हते मी, पण ते लावणारच होते, निदान उजेडात लावू देत.

काही आठवड्यांनी वही आली त्यात एक भारी गोष्ट निघाली. पहिल्या दोन-तीन रेसमध्ये दादा दोनशे-पाचशे लावायचे, स्वतःच्या अभ्यासाने, कधी यायचे कधी जायचे, मोठं काही नाही. खरे पैसे गेले होते ते दिवसाच्या शेवटच्या दोन रेसमध्ये. पाच हजार, दहा हजार, एकदा पंचवीस. आणि तिथे अभ्यासाचा रकाना कोरा, कारण घोडा निवडला होता तो भाव जास्त आहे, म्हणजे आला तर पैसे जास्त मिळतील म्हणून, सकाळपासूनचं एका फटक्यात भरून निघावं म्हणून. दादा स्वतःच म्हणाले, मॅडम, तिसऱ्या रेसनंतर मी घोडा बघतच नाही हो, मी आकडा बघतो. गेलेल्याच्या मागे धावणं म्हणतात ते हेच.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांना मी त्याच दिवशी वेगळं बसवून सांगितलं की पाटल्या मोडू नका. एकदा मोठ्या दिरांनी दोन लाख भरले होतेच की, तेव्हा काय झालं? कार्डाची लिमिट मोकळी झाली आणि पुढच्याच सीझनला परत भरली. बाहेरून आलेला पैसा त्या माणसाच्या डोक्यात शेवटच्या रेसला लागलेल्या घोड्यासारखाच बसतो, सगळं एका झटक्यात फिटलं. उलट कर्जाची पूर्ण यादी त्याने स्वतः लिहायची, बायकोसमोर, एकही नाव न लपवता. बँक, कार्ड आणि पतपेढीकडे स्वतः जाऊन हप्ते बांधून घ्यायचे आणि ते त्याच्या पगारातून जायचे. पगार वहिनींच्या खात्यात, दादांना रोजच्या खर्चापुरते पैसे, यूपीआयची लिमिट खाली, नवीन कार्ड नाही. मित्रांना आणि दिरांना वहिनींनीच सांगायचं की यांना उसने देऊ नका. लाज वाटते, कळतं मला, बडोद्यात मराठी घरं एकमेकांना ओळखतात, पण जेवढी माणसं जाणतात तेवढी उधारीची दारं बंद होतात.

आणि एक प्रश्न मी अशा प्रत्येक माणसाला थेट विचारते, जीव द्यावासा वाटलाय का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. दादा म्हणाले, एकदा सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसलो होतो. मग सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं, तिथे डिप्रेशनची औषधं सुरू झाली. कोणाच्या घरात हे असेल तर टेली-मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठी-गुजरातीतही बोलतात, सोमवारची वाट बघू नका.

मधे दादा एकदा घसरले, पुण्याचा सीझन सुरू झाला त्या आठवड्यात, तीन हजार. स्वतः येऊन सांगितलं, वहिनींनाही त्याच रात्री सांगितलं. मी त्याला घसरणं कमी आणि सुधारणा जास्त म्हणते, कारण या माणसाने वर्षानुवर्षं एक रुपया खरा सांगितला नव्हता. कर्ज अजून चार लाखांच्या आसपास आहे.

मागच्या भेटीत विचारत होते, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी आहे, पैसे नाही लावत, नुसती फोनवर बघू का? मी म्हटलं, यंदा नाही. जरा फुगलेच. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी आपण पावागडला जाऊ, सकाळीच निघू. दादा म्हणाले, रविवारी तिथे रोपवेला केवढी लाइन असते माहितीये का. तर वहिनी म्हणाल्या, मग तर फारच छान, दुपार तिथेच जाईल.