अणूच्या केंद्रकात बांधले गेल्यावर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन खरंच बदलतात का?

बदलतात. "नाही" म्हणणाऱ्या एका परीक्षकांनी माझे गुण कापले होते, म्हणून लिहायला बसलो.

१९९६ साल, मुंबईतलं एक कॉलेज, एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हायड्रोजनमधला प्रोटॉन आणि लोखंडातला प्रोटॉन, फरक काय?" मी म्हटलं, प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या क्वार्क नावाच्या कणांमध्ये संवेगाची वाटणी वेगळी. सर म्हणाले, "पिशवीत भरल्याने शेंगदाणा बदलतो का रे? प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात ९३८ एमईव्ही, लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉनना बांधून ठेवणारी बंधनऊर्जा कणामागे जेमतेम ९. एवढ्याने काय होणार?"

मी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचा १९८३ चा निकाल सांगू लागलो. म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा, मारा लोखंडावर केला, ड्युटेरियमवर (केंद्रकात एकच प्रोटॉन आणि एकच न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) केला. कणामागे हिशेब सारखा यायला हवा होता. आला नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संवेगाचा ०.३ ते ०.७ इतका मोठा वाटा उचलणारे क्वार्क लोखंडात कमी भरले. सरांनी हात वर केला. "अभ्यासक्रमातलं बोल."

त्या संध्याकाळी दादरच्या पुलावर उभं राहून मी दोन डोंबिवली फास्ट सोडल्या. हातात त्याच निकालाच्या आलेखाची झेरॉक्स होती. ती दाखवायचीही संधी मिळाली नव्हती.

सर, शेंगदाणे पिशवीत एकमेकांत घुसत नाहीत. केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन क्षणभर इतके जवळ येतात की एकमेकांत शिरतात. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या मोजमापांनुसार जड केंद्रकांत कोणत्याही क्षणी साधारण २० टक्के कण अशा जोड्यांत असतात, आणि बहुतेक जोड्या एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन अशा. जिथे जोड्या जास्त, तिथे क्वार्कची ती घटही जास्त. म्हणून माझं मत, बदल होतो तो मुख्यतः या जोड्यांत. सगळेच कण थोडेथोडे बदलतात असं मानणारेही आहेत, वाद मिटलेला नाही.

आणि एक. मोकळा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटंही टिकत नाही, लोखंडात मात्र कायम टिकतो, हा पुरावा म्हणून देऊ नका. तो ऊर्जेचा हिशेब आहे, त्यासाठी न्यूट्रॉन आतून बदलावा लागत नाही. एवढ्यापुरतं सरांचं बरोबर ठरलं असतं.

तोंडी परीक्षेला जाणार असाल तर आलेख खिशात ठेवू नका. बसल्या बसल्या टेबलावर ठेवा, मग बोला.