औक्षणाचे ताट कोणाच्या हाती?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्राचा गाभा इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही २७ वर्षांच्या, भांडुपला राहणाऱ्या. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या महापालिका निवडणुकीत प्रचाराचे काम घेणाऱ्या एका संस्थेत तुम्ही पगारावर होता आणि एका प्रभागाच्या मतदार याद्या तुमच्याकडे होत्या. रात्र रात्र जागून तुम्ही बूथनिहाय तक्ते तयार केलेत. पदयात्रेच्या सकाळी मात्र तुमच्या हाती औक्षणाचे ताट आले आणि तेच तक्ते तुमच्यानंतर रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने साहेबांपुढे मांडले. बैठकीत आकड्यांचा विषय निघाला की ‘ताई, जरा चहाचं बघता का?’ हे ठरलेलेच. आता त्याच संस्थेने पुढच्या कामासाठी बोलावले आहे आणि तुम्ही विचारता, जावे का, आणि एवढ्याशा गोष्टींचा मी उगाच बाऊ करते आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. बाऊ मुळीच करत नाही. प्रचाराच्या कामात बढतीचे पत्र नसते, वार्षिक मूल्यमापन नसते. बैठकीत कोण बोलले आणि उमेदवाराच्या गाडीत कोण बसले, एवढ्यावर पुढचे काम कोणाला मिळणार हे ठरते. नेमक्या त्याच पाच मिनिटांत तुम्हाला चहा सांगायला उठवले जात असेल, तर चहा क्षुल्लक असला तरी तुमचे उठून जाणे क्षुल्लक नाही.

तुमच्या उमेदवार स्वतः महिला होत्या, आणि तरीही कार्यालयात ‘साहेब’ म्हणजे त्यांचे यजमान, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला पत्रातले ते सर्वांत बोलके वाक्य वाटले. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मुंबईच्या २२७ पैकी ११४. फलकावर त्यामुळे बाईंचा चेहरा आला, फोन मात्र अजून यजमानांच्याच खिशात वाजतो. त्या बाईंशी तुम्ही एकदा तरी एकट्याने, तक्ते समोर ठेवून बोललात का? पत्रात तसा उल्लेख नाही. त्यांनाही कदाचित ते आकडे कोणी दाखवलेलेच नसतील.

आता थोडे कटू लिहिते, राग मानू नका. ‘औक्षणाला उभ्या राहणाऱ्या त्या बायकांसारखी मी नाही, मी शिकलेली आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. पुढे तुम्हीच सांगता की पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात गेलेल्या ४० कुटुंबांचा पत्ता यादीवरून लागेना, तेव्हा तो औक्षणाच्या त्या बायकांपैकीच एका काकूंनी दिला: कोण दिव्याला गेले, कोण मुलीकडे बदलापूरला राहते, कोणाचे नाव यादीत आहे पण माणूस दोन वर्षांपूर्वी वारला. ते सगळे तुमच्या तक्त्यात उतरले. त्या काकूंचे नाव कोठे उतरले? तुमचे काम सहकाऱ्याने आपल्या नावावर खपवले म्हणून तुम्हाला झोप लागली नाही. त्या काकूंनाही बहुधा चहाच मिळाला असेल. याच शहरात १९७२ साली महागाईविरोधात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यामुळे ताट काय किंवा लाटणे काय, हातात काय आहे यावर माझा आक्षेप नाही. ते कोणाच्या सांगण्यावरून आले, एवढेच मी पाहते.

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही एक गोष्ट चहाच्या आणि ताटाच्या रांगेत बसवली आहे, ती तेथून मी बाहेर काढते. मतदानाच्या आदल्या आठवड्यात एक पदाधिकारी रात्री साडेअकरानंतर तुम्हाला ‘डीपी छान आहे’, ‘एकटीच आहेस का ऑफिसात?’ असे संदेश पाठवत होते आणि तुम्ही उत्तर देणे थांबवल्यावरही ते थांबले नाहीत. ही ‘एवढीशी गोष्ट’ नव्हे. राजकीय पक्षांना लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती बंधनकारक नाही असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, आणि त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. मला ते पटत नसले तरी आजची स्थिती ती आहे. मात्र तुमचा पगार पक्षाकडून येत नव्हता. संस्थेत १० किंवा अधिक माणसे असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुम्हाला सुरक्षित ठेवणे हीदेखील मालकाचीच जबाबदारी आहे. माणसे कमी असतील तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. लेखी तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा उलटू देऊ नका. संदेश पुसले नसतील तर तारीख-वेळ दिसेल असे त्यांचे स्क्रीनशॉट काढून घरच्या कोणाकडे तरी ठेवा. तक्रार करायची की नाही हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे, पण मुदत उलटून गेल्यामुळे ते ठरू नये.

राहिला पहिला प्रश्न. जा, असे मी म्हणेन, कारण हे काम तुम्हाला येते आणि आवडते. फलकावरच्या चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घांवर खर्ची घातलेला तुमचा अख्खा परिच्छेद वाचून मला हसू आले आणि खात्रीही पटली. पण होकार कळवण्यापूर्वी संस्थेच्या प्रमुखांना ईमेल करा: तुमचे पद काय, तक्ते बैठकीत कोण मांडणार, आणि रात्री दहानंतर थांबावे लागल्यास घरी सोडायला गाडी कोणाच्या खर्चाने. तोंडी ‘हो हो, बघू’ आले तर ‘लेखी कळवावे’ एवढेच उत्तर द्या. त्या काकूंनाही यावेळी याद्यांच्या कामावर मानधन देऊन घ्यावे, ही अटही त्याच ईमेलमध्ये घाला. आणि बैठकीत पुन्हा चहाचा विषय निघाला तर बसल्या जागेवरून, शांतपणे, ज्याने विचारले त्यालाच सांगा: ‘माझा बिनसाखरेचा.’