फौजा कुठे पोचल्या, आणि आपण कधी निघायचं?

‘नवरा रात्री तीनपर्यंत फोनवर युद्धाचे नकाशे बघत बसतो. सकाळी चहाबरोबर कुठली तुकडी कुठे सरकली ते ऐकायचं. पण आपण इथे थांबायचं की निघायचं, ते काही ठरत नाही,’ असं एका ताईंनी लिहिलंय. त्या राहतात तिथून सीमा फार लांब नाही.

ताई, फौजा सरकल्या ही बातमी. अमुक वाजेपर्यंत शहर सोडा ही सूचना. तुमच्या घरी बातम्यांचा ढीग पडलाय आणि सूचना कुणी बघतच नाही.

२ मार्च २०२२ ला भारतीय दूतावासाने युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरातल्या भारतीयांना संध्याकाळी सहाच्या आत जवळचं पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाव गाठायला सांगितलं. अकरा ते सोळा किलोमीटर, गाडी नसेल तर पायी. नकाशावर खारकीव्ह त्या दिवशी युक्रेनच्याच ताब्यात होतं, पुढेही राहिलं. नकाशाचा रंग बदलला नाही, तिथे शिकणाऱ्या आपल्या पोरांना मात्र चालत निघावं लागलं. जमीन कुणाच्या हातात आहे एवढंच तो रंग सांगतो. तोफगोळा कुठे पडेल, रेल्वेत चढायला मिळेल का, हे त्यात नसतं. शिवाय व्हिडिओ, उपग्रहचित्रं, दोन्ही बाजूंचे दावे जुळवून नकाशा तयार होईपर्यंत तो बऱ्याचदा कालचा झालेला असतो.

आणि निघायची खरी वेळ त्याच्याही आधीची होती. राहणं अत्यावश्यक नसेल तर तात्पुरतं निघा, असं दूतावासाने १५ फेब्रुवारीलाच कळवलं होतं. रशियाचा हल्ला झाला २४ ला. पहिल्या सूचनेची भाषा अशीच मवाळ असते. ‘सक्ती कुठे केलीय?’ म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. विमानं मात्र तेव्हाच उडत असतात.

आता नातेवाइकांचा ग्रुप. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५ च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांनी सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यंही हल्ल्याची म्हणून फिरली. तेव्हा काकांनी पाठवलेल्या व्हिडिओवर कुठलाही निर्णय घेऊ नका. (काकांशी वाद घालत बसू नका, त्याचाही उपयोग नसतो.)

तुम्हीही खिडकीतून दिसणारी रणगाड्यांची रांग किंवा पडलेलं क्षेपणास्त्र टिपून पाठवू नका. युक्रेनने सैन्याच्या हालचाली उघड करणं मार्च २०२२ मध्येच गुन्हा ठरवलं. अमिरातीत २०२१ च्या कायद्याने खोटी बातमी पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड आहे. संकटकाळात दोन्ही दुप्पट. ‘आलं तसं पुढे पाठवलं’ हे तिथे चालत नाही.

नवऱ्याला झोपवायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. आज रात्री त्याच्याकडे एकच काम द्या: दूतावासाकडे घरातल्या प्रत्येकाची नोंदणी. नंतर पासपोर्ट, रोख, औषधं एका पिशवीत. बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दूतावासाचं खातं सोडून बाकी सगळ्यांचे आवाज बंद. आणि कितवी सूचना आली की निघायचं, ते आजच दोघांनी बसून ठरवा. मुलं झोपल्यावर, नकाशा न उघडता.