फोन देऊ नका, लावून द्या

प्रश्न : गेल्या आठवड्यात रेल्वेच्या प्रतीक्षालयात एक बाई माझ्याजवळ आली. कडेवर मूल, हातात बंद पडलेला मोबाइल. "ताई, एक फोन करू द्या ना, हे न्यायला येणार होते, माझी बॅटरी संपलीय," म्हणाली. मी "माझ्यातला बॅलन्स संपलाय" असं सांगून टाकलं. ती काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेली. तेव्हापासून मन खातंय. मुलगा म्हणतो, "बरं केलंस, अनोळखी माणसाला फोन द्यायचाच नसतो." चुकलं कुणाचं?

उत्तर : ताई, थोडं तुमचं चुकलं आणि मुलाचं अर्धंच बरोबर आहे. त्या बाईला नवऱ्याशी बोलायचं होतं. त्यासाठी तुमचा फोन तिच्या हातात जायची गरजच नव्हती. नंबर तिनं सांगायचा, दाबायचा तुम्ही. स्पीकर लावायचा, फोन आपल्याच मुठीत धरायचा आणि तिला म्हणायचं, "बोला." मिनिटभराचं काम. ती खरी असेल तर हायसं वाटून बोलू लागेल. लबाड असेल तर "नको, राहू द्या" म्हणून निघून जाईल. तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखायची जबाबदारी तुमच्यावर येतच नाही.

मी बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त करते. लोक माझ्यापुढे फोन ठेवतात आणि न मागता कुलूपाचा आकडाही कागदावर लिहून देतात. म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती फोन देण्याची गोष्ट निघते तेव्हा ती अनोळखी बाई रोज मीच असते. माणसं किती भाबडेपणानं फोन सोपवतात हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यातल्या बहुतेकांचं काही बिघडत नाही हेही ठाऊक आहे.

पण एक शिक्षक आले होते, ते सांगते. तक्रार अशी की फोनची रिंगच वाजत नाही. मी शहाणी, स्पीकर खराब समजून फोन उघडला. स्पीकर ठणठणीत. पुन्हा बंद करून माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला, तर पलीकडे भलत्याच माणसानं उचलला. मग विचारत विचारत निघालं की दोन दिवसांपूर्वी बसची वाट बघताना त्यांनी एका पोराला फोन दिला होता. पोरानं काहीतरी दाबलं, "लागत नाही काका" म्हणून फोन परत दिला, आभारही मानले. त्यानं दाबलं होतं ते असं : स्टार स्टार २१ स्टार, मग स्वतःचा नंबर, मग हॅश. झालं. त्यानंतर सरांना येणारा प्रत्येक कॉल परस्पर त्या दुसऱ्या नंबरावर.

यातली गोम अशी की ही वळवणूक हँडसेटमध्ये साठत नाही, नेटवर्ककडे नोंदली जाते. फोन बंद करून चालू करा, सगळं पुसून कोरा करा, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, ती तशीच राहते. मेसेज वळत नाहीत, फक्त कॉल वळतात. म्हणून लोक निर्धास्त असतात, कारण ओटीपी तर मेसेजनं येतो. पण व्हॉट्सॲपसारखी ॲप 'मेसेज मिळाला नाही, कॉल करून सांगा' अशी सोय देतात. तो कॉल चोराकडे जातो, तो सहा आकडी कोड ऐकतो आणि तुमचं खातं त्याच्या फोनवर उघडतं. सरांच्या नावानं त्यांच्या सहकाऱ्यांकडे पैशांची मागणी सुरूही झाली होती. त्यांनी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावला असता, तर नुसत्या कोडवर चोराचं काम भागलं नसतं. त्या दिवशी मी सरांकडून उघडण्याचे पैसे घेतले नाहीत. उघडायला नकोच होता तो.

म्हणून नंबर सांगणाऱ्यानं स्टार किंवा हॅशनं सुरुवात केली की तिथेच थांबायचं. माणसाच्या नंबरात ती चिन्हं नसतात. अनोळखी देशाचा कोड सांगितला तरी नको म्हणायला हरकत नाही, तो कॉल किती महाग पडेल सांगता येत नाही. आणि कुणी म्हणालं, "खाजगी आहे, स्पीकर नको," तर "मग मी मेसेज पाठवते, काय लिहू?" असं विचारा.

काही जण मला स्क्रीन अडकवून ठेवायची सोय सांगतात. अँड्रॉइडमध्ये ती २०१४पासून आहे, आयफोनमध्ये २०१२पासून, 'गाइडेड ॲक्सेस' नावानं. एकच ॲप उघडं राहतं, बाकीचं बंद. लहान मुलाच्या हाती फोन देताना झकास. पण इथे तुम्ही उघडं ठेवणार ते नंबर दाबायचं ॲपच, आणि वरची सगळी करामत होते तीही तिथूनच.

प्रश्न : मी महिन्यापूर्वी एकाला फोन दिला होता. तुमचं वाचून पोटात गोळा येईल असं वाटतंय. आता काय बघू?

उत्तर : स्टार हॅश २१ हॅश दाबून कॉल करा. बहुतेक नेटवर्कवर सरसकट सगळे कॉल वळवलेत की नाही ते पडद्यावर येतं. शंका वाटली तर हॅश हॅश ००२ हॅश. त्यानं सगळ्या प्रकारची वळवणूक रद्द होते. व्हॉइसमेल वापरत असाल तर तोही यात बंद पडतो, मग तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागेल. मग व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. तिथे चार उपकरणांपर्यंत जोडता येतात आणि एकदा जोडलं की तुमचा फोन बंद असला तरी समोरच्याला सगळं दिसत राहतं. ओळखीचं नसेल ते काढून टाका.

आणि त्या माणसासमोर कुलूपाचा आकडा दाबला होतात का? दाबला असेल तर आजच बदला. आकडा आधी चोरून पाहायचा आणि मग फोन हिसकायचा, असे प्रकार इतके झाले की ॲपलनं जानेवारी २०२४मध्ये आयफोनसाठी वेगळं संरक्षण आणलं. ते चालू असेल आणि तुम्ही नेहमीच्या जागेपासून लांब असाल, तर पासवर्ड बदलायला नुसता आकडा पुरत नाही. चेहरा किंवा बोट लागतं आणि वर तासभर थांबावं लागतं.

प्रश्न : अपघात झालाय, कुणी ओरडत फोन मागतंय. तेव्हाही हेच सोपस्कार?

उत्तर : नाही. तेव्हा फोन न उघडताच द्या. कुलूपाच्या पडद्यावर आणीबाणीच्या कॉलचं बटण असतं, तिथून ११२ लागतो. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीचं पकडतो. कुलूपबंद फोनमधून समोरच्याला फार तर तुम्ही स्वतः भरलेली वैद्यकीय माहिती, आणीबाणीचे संपर्क किंवा कुलूपाच्या पडद्यावर येणाऱ्या सूचना दिसतील.

प्रश्न : आणि मागायची वेळ आपल्यावरच आली तर?

उत्तर : आली होती. दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करणाऱ्या बाईचा स्वतःचा फोन रात्री साडेदहाला मेला. तिघांनी माझ्याकडे पाहून मान फिरवली. चौथ्या मुलीला मी म्हटलं, "फोन देऊ नकोस, तूच लाव, मी लांब उभी राहते." तिनं लगेच खिशातून काढला. आणि मग मला कळलं की मला कुणाचाच नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नाही, लेकीचा नाही. शेवटी आठवला तो आईच्या घरच्या जुन्या लँडलाइनचा, तो तर कधीच काढून टाकला होता.

आता फोनच्या कव्हरमागे कागदाचा एक कपटा ठेवलाय, त्यावर दोन नंबर. लेक रोज मला तोंडपाठ म्हणायला लावते. शेवटचे तीन आकडे अजून उलटसुलट होतात.