आयर्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या गेलिक फुटबॉल क्लबचा इतिहास कोणी सांगू शकेल का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की दीड-दोन हजार वस्तीच्या गावाचा क्लब अख्ख्या देशात पहिला येतो, ही थाप तर नाही ना? थाप नाही. मी डंडॉकला राहते, इथे नर्स आहे. ज्या गावाबद्दल सांगणार आहे ते माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. गावाचं नाव क्रॉसमॅग्लेन, पण इथे सगळे नुसतं 'क्रॉस' म्हणतात. वाटेत सरहद्द लागते, म्हणजे आपण आयर्लंड प्रजासत्ताकातून उत्तर आयर्लंडमध्ये, पर्यायाने ब्रिटनमध्ये शिरतो. ना चौकी ना नाका. दुकानात युरोऐवजी पौंड मागितले की कळतं, देश बदलला.

आधी खेळाबद्दल थोडं, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. एका बाजूला पंधरा खेळाडू, चेंडू हाताने आणि पायाने दोन्हीने खेळायचा, गोलखांब इंग्रजी 'एच'सारखे. आडव्या दांडीच्या खालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून गेला तर एक गुण. (2025 पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुण द्यायला लागलेत. माझ्या मुलाच्या मते खेळ सुधारला, शेजारच्या आजोबांच्या मते बिघडला.) पैसे कुणालाच मिळत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारा माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा विजेची कामं करायला जातो.

या खेळाची संघटना, जीएए, 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली आणि क्रॉसचा क्लब त्यानंतर तीनच वर्षांत, 1887 मध्ये. गाव आर्मा काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). तिचा पहिला किताब त्यांनी 1906 साली जिंकला. मग 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि गाव सरहद्दीच्या अगदी कडेला येऊन पडलं. जीएएने मात्र ही रेघ कधी मानली नाही. आजही रेघेच्या दोन्ही बाजूंच्या काउंट्यांची स्पर्धा एकच असते.

क्लबचं नाव बाहेरच्या जगाला कळलं ते खेळामुळे नाही, मैदानामुळे. 1970च्या दशकात दक्षिण आर्मामध्ये आयआरएचा, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा, जोर इतका होता की ब्रिटिश लष्कराला रस्त्याने जाणं परवडेना. सुरुंगांच्या भीतीने माणसं, शिधा, सामान सगळं हेलिकॉप्टरने यायचं. आणि क्रॉसमधला लष्करी तळ क्लबच्या मैदानाला खेटूनच होता. मैदानाचा काही भाग लष्कराने ताब्यात घेतला. सामना चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरत यायचं आणि खेळ थांबायचा. माझ्यासोबत वॉर्डात काम करणारी एक मैत्रीण क्रॉसची आहे. ती म्हणते, लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांत असंच असतं.

या जागेचा तंटा पुढे जीएएच्या सर्वात वादग्रस्त नियमाशी जोडला गेला. ब्रिटिश सैनिक आणि उत्तरेतले पोलीस यांना सदस्य होता येणार नाही, असा नियम 21 होता. तो काढा म्हटलं की उत्तरेतले लोक क्रॉसमॅग्लेनकडे बोट दाखवायचे. आधी आमचं मैदान सोडा, मग बोला. 1998 ला शांतता करार झाला, 2001 च्या नोव्हेंबरमध्ये नियम रद्द झाला, आणि 2007 मध्ये उत्तर आयर्लंडमधली लष्करी मोहीमच गुंडाळली गेली.

आता इथे माझं मत वेगळं आहे. ही कहाणी वाचणाऱ्या बहुतेकांना वाटतं की लष्कराने डिवचलं, म्हणून पोरं पेटून उठली आणि जिंकली. ऐकायला झकास आहे. पण हिशेब बसत नाही. हेलिकॉप्टरं 1996 च्या आधीही दोन दशकं डोक्यावर होती, आणि त्या काळात क्रॉसने अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा एकदाही जिंकली नाही. मग 1996 पासून अचानक काय झालं?

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना विचारलं तर ते एका शब्दात उत्तर देतात: मुल्लाबॉन. ते डोंगरापलीकडचं शेजारचं गाव, क्रॉसपेक्षाही लहान. 1995 साली या मुल्लाबॉनने नुसती आर्मा काउंटी नाही, तर अख्ख्या अल्स्टर प्रांताची क्लब स्पर्धा मारली. शेजारच्याच्या दारात एवढा मोठा ट्रॉफीचा सोहळा झाल्यावर गावाला झोप कशी लागणार? भाऊबंदकीची ईर्षा काय असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी क्रॉसने काउंटी जिंकली, आणि 17 मार्च 1997 ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, क्रोक पार्कवर मेयो काउंटीच्या नॉकमोरला हरवून देशाचा किताब.

अर्थात नुसत्या ईर्षेने संघ होत नाही. इथे खेळाडूची खरेदी-विक्री नसते. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत तुम्ही वाढलात, त्याच क्लबकडून खेळायचं. त्यामुळे गावात चांगली पोरं एकाच वेळी जन्माला आली तर पंधरा वर्षं चंगळ, नाही आली तर बसा. क्रॉसचं नशीब असं की ओशीन मॅककॉनव्हिल, जॉन आणि टोनी हे जुळे मॅकएन्टी भाऊ, फ्रान्सी बेल्यू असे सगळे एकाच काळात हाताशी आले. आणि त्यांना प्रशिक्षक मिळाला तो गावातलाच, जो कर्नन. त्याच्या हाताखाली 1997, 1999 आणि 2000 असे तीन किताब आले. नंतर 2007, 2011 आणि 2012. एकूण सहा. याहून जास्त, सात, फक्त नेमो रेंजर्सकडे आहेत, आणि तो कॉर्क शहरातला क्लब.

कर्ननची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1977 मध्ये तो स्वतः आर्माकडून, म्हणजे क्लबच्या नाही तर काउंटीच्या संघाकडून, अखिल आयर्लंड अंतिम सामना खेळला, दोन गोल केले, तरी डब्लिनने त्यांना धुतलं. पंचवीस वर्षांनी, 2002 मध्ये, तो आर्माचा व्यवस्थापक. पुन्हा अंतिम सामना, समोर केरी काउंटी. मध्यंतराला आर्मा मागे, त्यात मॅककॉनव्हिलची पेनल्टी वाया गेलेली. कर्ननने 1977 ला हरलेल्यांना मिळालेलं आपलं स्मृतिचिन्ह ड्रेसिंग रूममध्ये आणलं होतं. ते त्याने सगळ्यांसमोर न्हाणीच्या भिंतीवर फेकून फोडलं. हे घेऊन घरी जायचंय का तुम्हाला? उत्तरार्धात गोल केला तो मॅककॉनव्हिलनेच. आर्मा 1-12, केरी 0-14 (आधी गोल, मग गुण). वरचं गणित लावा: पंधरा विरुद्ध चौदा. काउंटीचा तो पहिलावहिला किताब. आणि गंमत बघा, त्या संघाचा कप्तान किएरन मॅकगीनी होता मुल्लाबॉनचा! त्याच मॅकगीनीच्या हाताखाली आर्माने 2024 मध्ये दुसरा किताब जिंकला, आणि त्या संघात क्रॉसचे ओनील भाऊ होते.

क्लबचं रोजचं चित्र मात्र याहून बरंच साधं आहे. दर आठवड्याच्या लॉटरीची तिकिटं विकून पैसा उभा करायचा, मुलांच्या सरावाला आई-बापांनी आळीपाळीने थांबायचं, गावात कुणी वारलं तर क्लबचं जॅकेट घालून रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगेत उभं राहायचं. आमच्या इथल्या क्लबातही हेच चालतं. मी तीन वर्षं सँडविच लावतेय, अजून साध्या फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम इथे का नसतो ते मला नीट समजलेलं नाही.

1996 ते 2008 क्रॉसने आर्माचा किताब सलग तेरा वेळा जिंकला. 2009 ला तो आर्मा शहरातल्या पिअर्स ओगकडे गेला. मैत्रिणीच्या वडिलांना मी एकदा विचारलं होतं, सहा राष्ट्रीय किताबांपैकी तुमचा आवडता कोणता. त्यांनी थोडा विचार केला आणि 2009 मध्ये काय काय चुकलं ते सांगायला बसले. चहा दोनदा झाला.