थायलंडमधल्या मेकलाँगच्या रेल्वे बाजारात पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

आधी गाडीची वेळ काढा. रुळांवरच्या या बाजारात गाड्या दिवसातून मोजक्याच, आणि नवखे चुकतात ते इथेच. ऐन वेळी पोचलात तर लोकांची डोकी तेवढी दिसतील. तासभर आधी जा.

भोंगा वाजला की छत्र्या-ताडपत्र्या पटापट मिटतात. थाई नावच ‘तलाद रोम हूप’, छत्री मिटायचा बाजार! चाकांवरच्या फळ्या मागे सरकतात. रुळांलगतची बुटकी भाजी मात्र जागची हलत नाही, गाडी तिच्यावरून निघून जाते. अंगावर काटा येतो, खरंच.

- दुकानदार मागे सरका म्हणाले की सरका. सेल्फीसाठी हात बाहेर नको.
- सुटे बाट (थाई चलन) जवळ ठेवा.
- नुसते फोटो काढून पळू नका, काहीतरी घ्या. हा रोजचा बाजार आहे, तमाशा नव्हे.

बांबूच्या टोपलीत मान मुडपून बसवलेले मासे दिसतील. ते प्ला थू, आपल्या बांगड्याचे चुलतभाऊ. वाफवलेले असतात, तिथे तळून खातात.

शुक्रवार ते रविवारात गेलात तर संध्याकाळी जवळच्या अम्फवाच्या तरंगत्या बाजारातही जा. बँकॉकजवळच्या महाछायहून फेरीबोटीने नदी ओलांडून रेल्वेनेच यायचा बेत पुढच्या खेपेला. पहिल्यांदा बँकॉकहून व्हॅन बरी.