आजोबांची विडी आणायला नातवाला पाठवू नका

ताई, तुमचा मुलगा आठवीत आहे, आजोबा विडी ओढतात, मळ्यात तंबाखूच लावता, मग पोराला कुठल्या तोंडानं "नको" म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कर्नाटकातल्या निपाणी भागात शाळेत शिकवतो. हा प्रश्न माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांचा आहे.

आधी पोराला टपरीवर विडीबंडल, काडेपेटी आणायला पाठवणं आजपासून बंद करा. पोर दुकानदाराच्या ओळखीचं होतं, "आजोबांना पाहिजे" म्हटलं की माल हातात पडतो, आणि बंडलातली एक विडी वाटेत कमी झाली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. आजोबांनी आपली विडी आपण आणावी, पोरासमोर ओढू नये. हे सुनेनं सांगण्यापेक्षा नातवानं सांगितलं तर ते लवकर ऐकतील.

टपरीवाल्याला मात्र तुम्ही स्वतः जाऊन सांगा. कर्नाटकात २०२५पासून २१ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा माल विकायला बंदी आहे, सुटी सिगरेटही विकता येत नाही. (पलीकडं महाराष्ट्रात, कागलला, अजून १८च.) लहान मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. एवढं कानावर घातलं तरी बरेच जण सावध होतात.

आता मळ्याचं. तंबाखूवर आपली चूल पेटते हे पोरापासून लपवू नका. १९८१ साली याच पिकाच्या भावासाठी निपाणीच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तेही त्याला कळू दे. पण शेंडे-फुटवे खुडताना, विशेषतः पानं ओली असली की, बायकांना मळमळतं, चक्कर येते, ते का, हेही सांगा. पानातलं निकोटीन नुसत्या कातडीतून अंगात जातं. ओढलं तर ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि या वयात मेंदू अजून घडत असल्यानं सवय फार लवकर जडते. रोज न ओढणारी पोरंसुद्धा अडकतात.

कॅन्सरची भीती तेरा वर्षांच्या पोराला लागत नाही, म्हातारपण त्याला फार लांब वाटतं. तालमीत दम लागतो, तोंडाला वास येतो, हे पटतं. मित्रांनी पुढं केली तर काय म्हणायचं, तेही घरी बोलून ठेवा. "नको, वस्ताद वास ओळखतात" एवढं पुरतं. आयतं उत्तर तोंडात असलं की पोर चारचौघांत गडबडत नाही.

आणि त्यानं आधीच चव घेतली असेल तर मारू नका, मारलं की तो लपवायला शिकतो. शांतपणे विचारा, कुणी दिली, कुठं दिली. सवय लागल्यासारखी वाटली तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर त्याला शेजारी बसवून फोन लावा.